यमुताईच्या अर्ध्या प्रार्थना

मनोहरराव लोंढे यांच्यासारखा आवाज नागपुरातल्या दुसऱ्या कुठल्याही पाळकाला नव्हता, हे त्यांच्यावर खार खाणारे लोकही मान्य करत. गोळीबार चौकामागच्या गल्लीतले ते छोटे चर्च. वर पंखे तीन, त्यांतला एक कायमचा बंद. पण मनोहरराव उपदेशाला उभे राहिले की माईकची गरज पडत नसे. समोरचा इस्त्रीवाला, तो काही ख्रिस्ती नव्हता, तरी हातातली इस्त्री उभी करून ऐकत राही. हा माणूस रंगमंचावर गेला असता तर तंबूतल्या शेवटच्या रांगेने त्याला डोक्यावर घेतले असते. पण तो पाळक झाला. त्या गल्लीतल्या मंडळीचे त्यात नशीब उजळले, आणि थोडे बिघडलेही.

बिघडले ते त्यांच्या 'आमेन'मुळे.

दर गुरुवारी संध्याकाळी ते सेवक-वर्ग घेत. पाळकाने सगळी सेवा एकट्याने करायची नसते, मंडळीतल्या माणसांना सेवेसाठी तयार करायचे असते, हे ते पहिल्या दिवसापासून सांगत, आणि अगदी मनापासून सांगत. आजाऱ्याच्या खाटेजवळ कसे बसावे, मयताच्या घरी किती बोलावे, शास्त्रपाठ वाचताना नजर कुठे ठेवावी, सगळे शिकवत. मग म्हणत, "चला, आज कोण प्रार्थना करणार?" कोणीतरी बिचकत उभा राही. दोन-चार वाक्ये होत न होत तोच मनोहरराव घसा खाकरत. तो आवाज आला की बोलणाऱ्याची जीभ जड होई. मग एक भरदार, घुमणारे 'आमेन' येई, आणि त्याच श्वासात ते स्वतः तीच प्रार्थना पहिल्यापासून सुरू करत. सुंदर करत. बायका पदराने डोळे टिपत. आधी कोण उभे होते आणि काय म्हणत होते, हे कोणाच्या ध्यानातही उरत नसे.

नाटकात प्रॉम्प्टर विंगेत उभा असतो. नट अडला तर एक शब्द हळूच पुरवायचा, नाही अडला तर गप्प राहायचे. तोच जर उजेडात येऊन, नटाला बाजूला सारून, त्याचे भाषण म्हणायला लागला तर प्रेक्षक खुर्च्या मोडतील. चर्चमध्ये बाक जड असतात, म्हणून इतकी वर्षे हे निभले.

निभले नाही ते यमुताई धकातेपाशी.

यमुताई एसटीत कंडक्टर होती. नागपूर-उमरेड गाडीवर तिची निम्मी नोकरी गेली. बाई कंडक्टर म्हणजे लोकांना नवल होते त्या काळात ती खांद्याला चामडी पिशवी लावून गणेशपेठ स्टँडवर उभी राहिली, आणि पहिल्याच आठवड्यात एका पुढाऱ्याच्या भाच्याला बिनतिकिटाचा म्हणून कुहीफाट्यावर उतरवून दिले. आवाज खणखणीत, राग नाकाच्या शेंड्यावर. गाडीत कोणी बाईमाणसाच्या अंगावर रेलला, की मागच्या दारातून तिचा आवाज येई, "ओ भाऊ, घरची खाट वाटली का?" आजे-पणजे उमरेडचे विणकर, मागाचा खटखटाट ऐकत वाढलेल्या घराण्यात हळू बोलायची रीतच नव्हती, असे ती म्हणे. नवरा लवकर गेला. त्याच्या आजारपणात मंडळीतली माणसे येऊन बसली, प्रार्थना केली, डबे आणले. त्याची परतफेड करायची म्हणून ती सेवक-वर्गात आली. ड्युटी संपवून, खाकी साडीतच येऊन बसे.

तिची प्रार्थना साधी असे. देवाशी ती प्रवाशाशी बोलावे तशी बोले, कुठून बसला, कुठे उतरायचे, विषय संपला. मनोहररावांना ते ऐकवत नसे. वर्षानुवर्षे ते तिला अर्ध्यात उतरवत आले, आणि जिने आयुष्यभर दुसऱ्यांना उतरवले ती यमुताई मुकाट्याने उतरत राहिली. पाळक म्हणजे पाळक. ते शिकलेले, आपण कंडक्टर. कधीतरी आपल्यालाही नीट जमेल, अशी तिची समजूत.

ती समजूत सिंधूताईच्या घरी मोडली.

सिंधूताई तिची बाकावरची शेजारीण, चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. अर्धांगाने खाटेला खिळली होती. तिचा मुलगा रोशन याने प्रीतीशी आईच्या मनाविरुद्ध लग्न केले, तेव्हापासून सिंधूताई सुनेशी एक शब्द बोलली नव्हती. आणि आता तीच प्रीती तिला न्हाऊ घालत होती, भरवत होती, कुशीवर वळवत होती. सिंधूताईचे बोलणे जड झाले होते, पण गेले नव्हते. रोशनशी बोले, यमुताईशी बोले. सून आली की भिंतीकडे पाही.

जानेवारी अखेरीस मंडळी तिच्या घरी प्रार्थनेला गेली. मनोहरराव म्हणाले, "यमुताई, तुम्ही करा." यमुताईने खाटेवर बसून मैत्रिणीचा धड असलेला हात हातात घेतला आणि सुरू केले.

"देवा, ही सिंधू. तुले माहीत आहे ही किती हट्टी आहे ते. ही पोरगी तिचं सारं करून राहिली अन् ही तिच्याकडे पाहत नाही. हिच्या मनात आहे बोलाचं, मले माहीत आहे. पण हिले लाज वाटून राहिली. तं देवा, हिची लाज..."

हातातला हात घट्ट झाला. यमुताईने डोळे उघडले. सिंधूताईने मान भिंतीकडून वळवली होती. ती दाराशी उभ्या असलेल्या प्रीतीकडे पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते.

घसा खाकरल्याचा आवाज आला.

"आमेन," मनोहरराव म्हणाले, आणि मग त्यांचा तो आवाज खोलीभर पसरला. स्वर्गीय नगरीबद्दल बोलले, न सुकणाऱ्या नदीबद्दल बोलले. सगळे रडले. त्यांचे संपले तेव्हा सिंधूताईचे डोळे मिटलेले होते आणि प्रीती चहा ठेवायला आत गेली होती.

त्याच आठवड्यात सिंधूताई गेली. कब्रस्तानातून परतताना प्रीतीने यमुताईला फाटकाशी गाठले. "मावशी, त्या दिवशी आई मले काही म्हणत होत्या का वं?"

घरी येऊन यमुताईने खरकटी भांडी इतक्या जोरात घासली की शेजारीण विचारायला आली, काय झाले म्हणून.

मनोहरराव मार्चअखेर निवृत्त होणार होते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी उपासनेनंतर मंडळीची सभा बसली. कमिटीचे देवाजी, वय पंचाहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, त्यांनी वरून, चर्चच्या मुख्य कार्यालयातून, आलेला निरोप सांगितला. सध्या द्यायला नवा पाळक नाही. प्रभुभोजनाचा विधी पाळकाशिवाय होत नाही, त्याला दोन महिन्यांतून एकदा कोणी येऊन जाईल. बाकीचे रविवार मंडळीच्या माणसांनी चालवायचे. चालवणारे असतील तर ठीक, नसतील तर हे चर्च बंद, सगळ्यांनी शहराच्या त्या टोकाच्या मोठ्या चर्चमध्ये जायचे. काय ते दोन आठवड्यांत कळवायचे.

"मी तं काही पोहोचत नाही तिकडे," देवाजी म्हणाले. "दोन ऑटो बदलाले लागतात. मायं आता डायरेक्ट वरच्याच चर्चमध्ये."

कोणी हसले नाही. निम्मी मंडळी त्यांच्याच वयाची होती. सेवक-वर्गातल्या भावनाला दोन लहान मुले होती आणि नवरा रविवारीही कामावर.

"तर कोण उभं राहतं?" देवाजींनी विचारले.

कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे माप करणारा शालिकराम, ज्याची आरोळी यार्डाच्या दुसऱ्या फाटकापर्यंत जाते, तो चपलेकडे पाहू लागला. भावनाने लेकराचे नाक पुसले. पुसायची गरज नव्हती.

मनोहरराव उठले. चेहऱ्यावर खरे दुःख होते. "मंडळी, दोष माझाच आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी यांना तयार करायला झटलो. रक्त आटवलं. पण कोणी तयार झालंच नाही. काहींच्यात ते नसतंच, त्याला कोण काय करणार?"

"पाळकसाहेब," यमुताई मागून म्हणाली, "मी एक विचारू?"

"विचारा ना, ताई."

"मायी प्रार्थना कशी संपते, सांगाल का?"

"म्हणजे?"

"शेवट कसा करते मी, ते."

मनोहरराव जरा हसले. "सगळ्यांची प्रार्थना प्रभूच्या नावानं संपते."

"नाही जी. मायी तुमच्या नावानं संपते. शालिकरामची बी. भावनाची बी. मी काय मागणार होती ते तुम्ही एकदा बी ऐकलं नाही."

"यमुताई, बस खाली," देवाजी म्हणाले.

"बसत नाही. मी सारी नोकरी उभ्यानं केली." ती बाकातून बाहेर आली. आवाज चढला नव्हता अजून, पण उमरेड गाडीचे जुने प्रवासी असते तर त्यांनी सुटे पैसे काढून हातात धरले असते. "पोट्टं चालाले लागलं, अन् बापानं दर पावलाले त्याले उचलून कडेवर घेतलं. अन् मंग गावभर सांगत फिरला का पोट्ट्याच्या पायात जोर नाही. कोणाच्या पायात नाही, पाळकसाहेब? आमच्या पायाले तुम्ही जमीन कधी लागू देली?"

"मी तुम्हाला सांभाळून घेत होतो," मनोहरराव म्हणाले. ते पांढरे पडले होते. "चारचौघांत तुमची फजिती होऊ नये म्हणून."

"कोणाच्या फजितीले भेत होते तुम्ही? आमच्या का तुमच्या? आमचं वाईट झालं तं लोक म्हणतीन, पाळकानं काय शिकवलं. म्हणून तुम्ही आमचं काहीच होऊ देलं नाही."

"यमू, पुरे झालं," मंडळीतल्या जुन्या रुख्माबाई पुढच्या बाकावरून म्हणाल्या.

"नाही झालं पुरं. सिंधू बोलणार होती."

शेवटच्या बाकावर प्रीती बसली होती, एकटीच.

"तिचं तोंड उघडलं होतं. या पोरीकडे पाहून राहिली होती ती. अजून एवढंसं थांबले असते तं बोलली असती. तुम्ही आमेन म्हणलं. अन् मंग तुमची नदी काढली."

"मला माहीत नव्हतं," मनोहरराव म्हणाले.

"कसं माहीत होईन? तुम्ही डोळे मिटून सोताचा आवाज ऐकून राहिले होते."

हे जास्त झाले, असे तिथल्या अर्ध्याहून अधिक लोकांना वाटले, आणि ते खोटेही नव्हते. आजाऱ्यासाठी पावसापाण्यात धावलेला, कोणाच्या लेकीच्या लग्नात वाढपी झालेला तो माणूस. त्याला भर चर्चमध्ये असे बोलायचे? देवाजींनी टेबलावर हात आपटला. "एवढं येत असन तं घे ना मंग तूच. पुढचा रविवार तुया."

"घेते," यमुताई म्हणाली.

तो आठवडा तिला सोपा गेला नाही. पाण्याच्या टँकरपाशी रुख्माबाईंनी गाठले. "एसटीची घंटी वाजवणं अन् उपासना चालवणं एकच वाटलं का वं तुले?"

"नाही वाटलं, आत्या. एसटीत लोक आपापल्या स्टॉपवर उतरतात तरी."

शनिवारी दुपारी मनोहरराव तिच्या दारात आले. तिने पाणी दिले, खुर्ची दिली, आणि तांदूळ निवडायला बसली. ते पेला फिरवत बसले.

"मला गप्पपणा सोसत नाही, ताई," शेवटी ते म्हणाले. "कोणी अडखळलं, मंडळी शांत झाली, की मला धीर निघत नाही. वाटतं, आता सगळं कोसळणार. मग तोंडातून आपोआप निघतं."

भरल्या थिएटरात पुढचे वाक्य न आठवता जो एकदा उभा राहिला आहे त्याला ही भीती ठाऊक असते. जगात तिच्यासारखी दुसरी भीती नाही. पण यमुताई नाटकात नव्हती.

"तुमची भीती तुमच्यापाशी ठेवा ना जी," ती म्हणाली. "आमच्या तोंडात काहून कोंबता?"

त्यांनी पेला खाली ठेवला.

"उद्या तिसऱ्या बाकावर बसा. पाळकीणबाईच्या बाजूले."

रविवारी यमुताई पांढरी सुती साडी नेसून पुढे उभी राहिली, आणि पहिल्याच झटक्यात चुकली. गीताआधीच अर्पणाची थैली फिरवायला सांगितली. थैलीवाले गोंधळले, पेटीवाला सूर धरून थांबला, कोणीतरी खुदकन हसले. तिने उपदेश केला तो इतका आटोपशीर, की रुख्माबाईंनी पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवेपर्यंत तो संपला. मग प्रार्थनेची वेळ आली.

आजाऱ्यांची नावे घेतली. परीक्षेला बसलेल्या मुलांची घेतली. मग तिची नजर शेवटच्या बाकावर गेली आणि ती थांबली.

थांबली ती थांबलीच. एक पंखा कुरकुरत फिरत होता. बाहेर कोणाच्या स्कूटरची किक लागत नव्हती. भावनाचे लेकरूसुद्धा आईच्या तोंडाकडे पाहू लागले.

तिसऱ्या बाकावरून घसा खाकरल्याचा आवाज आला.

सगळी मंडळी, मिटलेले डोळे उघडून, एकदम तिकडे वळली. मनोहरराव लाल झाले होते, ओठ घट्ट आवळलेले, मानेच्या शिरा ताठ. पाळकीणबाईंनी पर्समधून लवंग काढली आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली.

"सिंधूचं राहून गेलं, देवा," यमुताई म्हणाली. आवाज फुटला होता, पण तिने तो सावरायचा प्रयत्न केला नाही. "ते आता मले पुरं करता येत नाही. मी कितीदा जुळवून पाहिलं, नाही येत. प्रीतीले तूच सांग. आज नाही तं उद्या सांग, पण सांग. अन् मले अजून लय राग आहे. तो बी तूच पाहून घे. तुयाच नावानं मागते."

'आमेन' आधी कोणी म्हणायचे, याची त्या मंडळीला सवयच उरली नव्हती. सगळे तिसऱ्या बाकाची वाट पाहत राहिले. तिसरा बाक लवंग चघळत होता. मग देवाजींनी उशिरा, चिडल्यासारखे, "आमेन" म्हटले, आणि बाकीचे एकेक करून, मागेपुढे, त्यांच्या पाठीशी आले. प्रीती तोंडाला पदर लावून रडत होती. रुख्माबाई उठून तिच्या बाजूला जाऊन बसल्या. आजवर त्याही तिच्याशी फारशा बोललेल्या नव्हत्या.

दाराशी मनोहरराव थांबले होते.

"अर्पण आधी घेतलंत," ते म्हणाले.

"हाव. चुकली."

"उपदेश लहान झाला."

"तेवढाच होता मायापाशी."

"पुढचा रविवार मी घेतो. तुम्हाला जरा..."

"नाही," यमुताई म्हणाली. "पुढचा शालिकराम घेईन. तुम्ही त्याले तयार करा. तुमचं काम ते आहे ना? तुम्हीच तं सांगत होते."

"शालिकराम? तो तर दोन वाक्यं धड..." त्यांनी स्वतःच वाक्य गिळले.

मागे उभा असलेला शालिकराम म्हणाला, "ताई, मले काहून मारून राहिल्या तुम्ही? मी कळमन्यात बरा आहो."

"मंग पाळकसाहेब कळमन्यात येतील," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.

शुक्रवारी दुपारी तिचा फोन वाजला. मनोहरराव बोलत होते, मागे हमालांची आरडाओरड.

"आलो मी इकडे," ते म्हणाले. "माप संपल्यावर आम्ही पोत्यांवर बसलो. म्हटलं, कर प्रार्थना. अडला तो, ताई. पार अडला. चार हमाल उभे राहून बघताहेत."

"मंग?"

"मग काय. समोर संत्र्यांचा ढीग होता. एक सोललं, तोंडात टाकलं. तो अडलेलाच. दुसरं सोललं, तिसरं, चौथं. पोट फुटायची वेळ आली."

यमुताई हसली नाही. "मंग बोलला का नाही?"

"बोलला." ते म्हणाले, "मी तसं कधी बोललो नसतो."

"म्हणजे चांगलं का वाईट?"

"ते कळत नाही मला अजून. रविवारी तुम्ही ठरवा."

"मी कोण ठरवणारी? मंडळी ठरवन."

तिने फोन ठेवला. राग होता तसाच होता. सिंधूताईच्या खाटेपाशी जे झाले ते चार संत्र्यांनी भरून निघणारे नव्हते, आणि ते भरून निघाले असे दाखवायची तिची तयारीही नव्हती. पण वरच्या लोकांना कळवायची मुदत शनिवारची होती, म्हणून तिने देवाजींना फोन लावला.

"दादाजी, वर कळवाचं राहिलं आहे. चर्च बंद नका करू म्हणून सांगा."

"सकाळीच सांगितलं," देवाजी म्हणाले.

"काय सांगितलं?"

"सांगितलं, इथं चालवणारी माणसं आहेत. अन् एक बाई आहे, ते ओरडते."

"ते बी सांगितलं?"

"सांगाले नको का? प्रभुभोजनाले जो पाळक येईन, त्याले आधी माहीत असलेलं बरं."

"हाव," यमुताई म्हणाली. "बरं केलं."